बर्ड्स ऑफ द वर्ल्ड: टॅनेजरांच्या कुळावर घासून पाहिलेली सेवा

पक्ष्यांवरच्या कुठल्याही संदर्भसेवेचा कस लावायचा असेल तर तिच्यात गरुड किंवा पेंग्विन शोधू नयेत. त्यांच्यावर सगळीकडेच बरं लिहिलेलं असतं. सरळ टॅनेजर उघडावेत. उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या गायक पक्ष्यांचं हे कुळ, शास्त्रीय नाव थ्रॉपिडी. जाती पावणेचारशेहून अधिक. पक्ष्यांच्या सगळ्या कुळांत आकाराने याचा दुसरा नंबर लागतो, पहिला टायरंट फ्लायकॅचरांचा. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या कुळाइतकी उलथापालथ फार थोड्या कुळांनी सोसली आहे. इथे जी सेवा टिकते ती बाकी ठिकाणी सहज टिकते.

बर्ड्स ऑफ द वर्ल्ड ही कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळेची सशुल्क ऑनलाइन सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. चार जुने स्रोत एकत्र करून ती उभी राहिली: १७ खंडांच्या ‘हँडबुक ऑफ द बर्ड्स ऑफ द वर्ल्ड’ची डिजिटल आवृत्ती, ‘बर्ड्स ऑफ नॉर्थ अमेरिका’, ‘निओट्रॉपिकल बर्ड्स’ आणि ‘बर्ड फॅमिलीज ऑफ द वर्ल्ड’. हा वारसा माहीत असला की सेवेची ताकद कुठे आहे ते कळतं आणि कच्चे दुवेही कळतात. टॅनेजरांचा मजकूर मुख्यतः हँडबुकच्या १६व्या खंडातून आला आहे. तो खंड २०११ चा. टॅनेजरांची वंशावळ डीएनएच्या आधाराने नीट मांडणारा केविन बर्न्स आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला २०१४ मध्ये, म्हणजे खंड छापून झाल्यावर तीन वर्षांनी. या सेवेवर टॅनेजर वाचताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या तीन वर्षांत आहे.

आधी सांगाडा पाहू, कारण तो उत्तम आहे. सेवेचं वर्गीकरण दरवर्षी सुधारलं जातं आणि ई-बर्ड (पक्षीनिरीक्षणांची ऑनलाइन नोंदवही) व क्लेमेंट्स (जगभरच्या पक्ष्यांची यादी) यांच्या बरोबरीने चालतं. कुळाच्या पानावर आज जी मंडळी एकत्र दिसतात ती जुन्या पुस्तकांत चार-पाच ठिकाणी विखुरलेली होती. गालापागोसचे डार्विन फिंच, जाड चोचीचे साल्टेटर, गवताचं बी खाणारे स्पोरोफिला, फुलं भोसकणारे डिग्लोसा, इवलासा बनानाक्विट, लाल तुऱ्याचा ‘कार्डिनल’ म्हणवला जाणारा पारोआरिया, इतकंच काय, दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कून्या बेटांवरचे नेसोस्पिझासुद्धा आता टॅनेजरच. उलट दिशेनेही वाहतूक झाली. (इथे जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती, आणि अशा प्रजातींचं मिळून कुळ.) पिरांगा प्रजातीतले स्कार्लेट आणि समर टॅनेजर, ज्यांच्यामुळे उत्तर अमेरिकेत हे नाव घरोघरी पोचलं, ते कार्डिनलांच्या कुळात गेले. युफोनिया आणि क्लोरोफोनिया फिंचांच्या कुळात गेले. क्लोरोस्पिंगस अमेरिकन स्पॅरोंमध्ये. स्पिंडालिस, मिट्रोस्पिंगस आणि रोडिनोसिक्ला यांना तर स्वतंत्र कुळं मिळाली. इंग्रजी नावं मात्र जिथल्या तिथेच राहिली. म्हणून नावात टॅनेजर आहे म्हणून पक्षी टॅनेजर आणि नाही म्हणून नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

गोंधळ इतका का झाला, याचं एका शब्दात उत्तर आहे: चोच. जुन्या वर्गीकरणात दाणे फोडणारी जाड चोच दिसली की पक्षी भारीट-फिंचांच्या टोपलीत, मध पिणारी बारीक वाकडी चोच दिसली की हनीक्रीपरांच्या टोपलीत, आणि उरलेले रंगीत फळखाऊ ते टॅनेजर. पण या कुळात चोच फार झपाट्याने बदलत गेली आहे. दुसरं एक नेहमी सांगितलं जाणारं लक्षण म्हणजे पंखाची प्राथमिक उड्डाणपिसं दिसायला नऊ आणि दहावं खुरटलेलं. ते खरं आहे, पण कार्डिनल, फिंच, अमेरिकन स्पॅरो या सगळ्या शेजाऱ्यांनाही लागू पडतं, त्यामुळे कुळ ठरवायला त्याचा उपयोग नाही. बर्न्स यांच्या गटाने कुळाची १५ उपकुळं मांडली, आणि तिथे काही लक्षणं नव्याने जागेवर बसली. उदाहरणार्थ, डार्विन फिंच, बनानाक्विट आणि टियारिस हे एकाच उपकुळात, कोएरेबिनीमध्ये, आले. तिघांचंही घरटं घुमटाकार, तोंड बाजूला. बहुतेक इतर टॅनेजर उघड्या वाटीसारखं घरटं करतात. फक्त इथे सावध राहावं: युफोनियाही बाजूला तोंड असलेलं गोल घरटं करतात आणि ते या कुळात नाहीत. एकट्या घरट्यावरून निकाल देऊ नये.

आता कच्च्या दुव्याकडे. कुळ आणि प्रजातीची नावं दरवर्षी नवी होतात, पण लेखाचा मजकूर त्याच वेगाने नवा होत नाही. प्रत्येक जातीच्या पानावर आवृत्ती आणि प्रकाशनाची तारीख असते. तिथे ‘१.०’ आणि ‘४ मार्च २०२०’ दिसलं, तर समजावं की जुन्या मजकुराचं स्थलांतर झालं आहे, पुनर्लेखन झालेलं असेलच असं नाही. असा मजकूर चुकीचा असतो असं मुळीच नाही. वर्णन, खाद्य, घरटी यांत तो भक्कमच असतो. पण त्यातली ‘याच प्रजातीतले इतर’ किंवा ‘जवळचे नातेवाईक’ अशी वाक्यं जपून वाचावीत.

एक नमुना घ्या. त्रिनिदादमध्ये डेव्हिड आणि बार्बरा स्नो यांनी केलेला टॅनेजरांच्या खाद्यशोधाचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो पायाभूत मानला जातो. एकाच झाडावर तीन जवळच्या जाती तीच फळं खातात, पण किडे शोधायच्या जागा वाटून घेतलेल्या असतात. टर्कॉइज टॅनेजर बारीक, बहुधा वाळलेल्या काटक्या तपासतो. बे-हेडेड टॅनेजर जाडसर फांदीवर बसून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वाकून फांदीची खालची बाजू पाहतो. स्पेकल्ड टॅनेजर पानांवर काम करतो, पानाला लटकून. त्या काळी तिन्ही टांगारा प्रजातीत होते. आज पहिले दोन टांगारातच आहेत, तिसरा इक्सोथ्रॉपिस झाला. निरीक्षण शंभर टक्के टिकलं, ‘तीन टांगारा’ हे शब्द टिकले नाहीत. पूर्वी पन्नासच्या घरात जाती असलेल्या टांगारातून स्टिल्पनिया, इक्सोथ्रॉपिस आणि पोएसिलोस्ट्रेप्टस बाहेर पडल्यामुळे ही अडचण वारंवार येते.

म्हणून पान वाचायचा क्रम असा ठेवावा. आधी आवृत्ती आणि तारीख. मग लगेच वर्गीकरणाचा विभाग: उपजाती किती, कोणते गट, पूर्वी कुठल्या जातीत धरत होते. त्यानंतरच ओळखीचा भाग. बरेच जण थेट फोटोंवर उडी मारतात आणि भलत्याच उपजातीचा फोटो प्रमाण मानतात. आणि शोधताना जुनं शास्त्रीय नाव हाती असेल तर इंग्रजी नावाने शोधावं, कारण प्रजाती बदलली तरी ते बहुधा तेच राहतं. टांगारा कायाना आता स्टिल्पनिया कायाना आहे, थ्रॉपिस बोनारिएन्सिस आता रौएनिया बोनारिएन्सिस. ‘बर्निश्ड-बफ’ किंवा ‘ब्लू-अँड-यलो’ टॅनेजर असं टाकलं की वेळ वाचतो.

उपजातींकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं ते स्कार्लेट-रम्प्ड टॅनेजरवरून कळतं. मध्य अमेरिकेतला हा पक्षी. नर मखमली काळा, पाठीचा खालचा भाग लालभडक. १९९० च्या दशकाच्या शेवटी याच्या दोन जाती केल्या, पासेरिनी आणि चेरी, आणि २०१८ मध्ये त्या पुन्हा एक झाल्या. दोन्हीकडचे नर एकमेकांशेजारी ठेवले तरी वेगळे ओळखू येत नाहीत. फरक माद्यांमध्ये आहे: चेरी गटाच्या मादीच्या छातीवर आणि कमरेवर स्पष्ट नारिंगी छटा असते. फक्त नराचा फोटो पाहणाऱ्याला हा सगळा वाद कशासाठी होता हेच समजणार नाही. सेवेला जोडलेल्या मकॉले संग्रहात, म्हणजे प्रयोगशाळेच्या फोटो-ध्वनींच्या साठ्यात, फोटो लिंग, वय आणि प्रदेश यांनुसार गाळून पाहता येतात. टॅनेजरांसाठी ही सोय अनमोल आहे. रॅम्फोसेलस (स्कार्लेट-रम्प्डची प्रजाती), टेरसिना, डॅक्निस या प्रजातींत नर-मादी अगदी वेगळे दिसतात, तर टांगारामध्ये बहुधा सारखेच. लाल पायांच्या हनीक्रीपरचा नर तर विणीनंतर काही काळ मादीसारखा हिरवट होतो, त्यामुळे तिथे महिनाही पाहावा लागतो.

खाद्य आणि खाण्याच्या पद्धतीचा विभाग हा या सेवेचा सर्वांत श्रीमंत भाग, आणि टॅनेजरांच्या बाबतीत तर तो अजिबात चुकवू नये असा आहे. मॅनाकिन हे त्याच जंगलांतले लहान फळखाऊ पक्षी फळ अख्खं गिळतात, टॅनेजर ते चोचीत दाबून चुरगाळतात, रस आणि गर घेतात, मोठी बी आणि साल बरेचदा तिथेच पडते. मायकोनियासारख्या झाडाझुडपांच्या बारीक बियांच्या फळांतल्या बिया मात्र पोटात जातात आणि दूर पडतात. कोणता टॅनेजर कुठल्या झाडाचा प्रसार करतो, हे यावर ठरतं. डिग्लोसाची करामत तर मुद्दाम मोठ्या फोटोत पाहावी. वरच्या चोचीच्या टोकाला आकडा असतो, तो फुलाच्या नळीला अडकवून फूल जागेवर धरलं जातं. खालची चोच सुईसारखी, ती नळीच्या बुडाशी भोक पाडते आणि जीभ त्यातून मधापर्यंत जाते. परागांना स्पर्शही न होता काम झालं. युफोनियांचं पानही इथे शेजारी उघडून ठेवण्यासारखं आहे: बांडगुळाच्या फळांवर जगणाऱ्या या पक्ष्यांची पेषणी (अन्न दळणारा जठराचा भाग) जवळपास नाहीशीच झाली आहे. कुळ वेगळं का, हे अशा तुलनेतून मनात पक्कं बसतं.

आवाजाच्या विभागाकडून टॅनेजरांसाठी बेताचीच अपेक्षा ठेवावी. दोष सेवेचा नाही, पक्ष्यांचा आवाजच तसा. टांगारांचे आवाज पातळ, उंच पट्टीतले, ‘त्सिप’ किंवा ‘त्सीट’ एवढेच, आणि मिश्र थव्यात पाच जाती एकत्र बोलत असल्या की वेगळे काढणं कठीण. रेकॉर्डिंगसोबत दिसणारा ध्वनिआलेख वापरावा: सूर चढतो की उतरतो, सलग आहे की तुटक, हे डोळ्यांना लवकर कळतं. साल्टेटर आणि स्पोरोफिला मात्र खरे गवई आहेत, त्यांची पानं ऐकण्यासाठीच उघडावीत.

एक विभाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: जेम्स जॉबलिंग यांचा शास्त्रीय नावांचा कोश. टांगारा हा शब्द तुपी भाषेतला, हे तिथे सापडतं. पॅराडाइज टॅनेजरचं नाव टांगारा चिलेन्सिस, पण हा सप्तरंगी पक्षी अमेझॉन खोऱ्यातला, चिलीत तो आढळतच नाही. नावाचा अर्थ आणि पक्ष्याचं घर यांत अशी फारकत दिसली की कोश जरूर पाहावा.

संवर्धनाच्या विभागात मजकूर कमी-जास्त आहे, पण दुर्मीळ जातींची पानं वाचायलाच हवीत. ब्राझीलच्या एस्पिरितो सान्तो राज्यातला चेरी-थ्रोटेड टॅनेजर, नेमोसिया रौरेई, १८७० मध्ये वर्णन झाल्यावर जवळपास हरवलेलाच होता. १९९८ मध्ये तो पुन्हा खात्रीने सापडला, आणि आज अटलांटिक जंगलाच्या थोड्याशा तुकड्यांत त्याचे मोजके पक्षी उरले आहेत. असं पान वाचताना नकाशाचा ठिपका केवढा आहे ते मोठं करून पाहावं.

वर्गणी महिन्याची किंवा वर्षाची घेता येते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात संस्थेची वर्गणी आहे का, ते आधी विचारावं. ज्यांना फक्त पक्ष्याचं नाव हवं आहे त्यांना ही सेवा जड जाईल, त्यांनी त्याच प्रयोगशाळेचं मोफत मर्लिन ॲप घ्यावं. रानात नेटवर्क नसताना तेच उपयोगी पडतं, कारण प्रदेशाचा संच आधी उतरवून ठेवता येतो. बर्ड्स ऑफ द वर्ल्ड ही संध्याकाळी टिपणवही उघडून वाचायची गोष्ट आहे. जो वर्गीकरण शिकतो, लिहितो किंवा भाषांतर करतो त्याच्यासाठी टॅनेजरांवर इतकं एका जागी दुसरीकडे नाही, आणि पैसे वसूल होतात. मात्र त्यातलं काही उद्धृत करताना जातीच्या नावाशेजारी लेखाची आवृत्ती आणि तारीखही लिहावी. पुढच्या वर्षीच्या यादीत तो पक्षी त्याच प्रजातीत असेल याची हमी या कुळात कोणी देऊ शकत नाही.