‘शंभर तास वाजवा, मग आवाज मोकळा होईल’ : स्वस्त हेडफोनच्या खरेदीत झालेली फसवणूक

दृष्टिहीन श्रोत्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका गटासाठी मी मुद्रणे तपासते. वाचकाचा श्वास, पान उलटल्याची खरखर, वाक्याच्या शेवटी गिळला गेलेला शब्द हे सारे कानानेच पकडावे लागते, आणि त्यासाठी पूर्ण कान झाकणारे हेडफोन हवे होते. खर्चाला मर्यादा असल्यामुळे स्वस्त गटातलेच घ्यायचे ठरले. स्वस्त म्हणजे वाईट असे मी तेव्हा मानत नव्हते आणि आजही मानत नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेडफोनची किरकोळ किंमत आणि त्याचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (खालचे-वरचे स्वर तो किती कमी-जास्त जोराने वाजवतो ते) यांच्यात परस्परसंबंध आढळला नव्हता. कमी किमतीत प्रामाणिक वस्तू बनवता येते; म्हणून माझी तक्रार किमतीबद्दल नसून जे सांगून विकले आणि जे हातात दिले त्यांतल्या अंतराबद्दल आहे.

विक्रीच्या पानावर ५० मिलिमीटरचे ड्रायव्हर (पडदा हलवून आवाज निर्माण करणारे भाग), २० हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ इतका आवाका, हाय-रेझचे (म्हणजे उच्च प्रतीच्या ध्वनीचे) सोनेरी चिन्ह, नॉइज कॅन्सलिंग, धातूचा हेडबँड आणि मेमरी फोमच्या गाद्या असे सगळे ठळक अक्षरांत लिहिले होते. यातला एकेक दावा तपासून पाहण्यासारखा आहे. आवाक्याच्या दोन टोकांचे आकडे दिले, पण त्या टोकांना आवाज किती डेसिबलने घसरतो हे सांगितले नाही, तर त्या आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही, कारण जवळजवळ ऐकू न येणारी कुजबुजसुद्धा ‘आवाक्यात’ धरता येते. हाय-रेझचे चिन्ह जपान ऑडिओ सोसायटीचे आहे आणि हेडफोनला ते मिळण्यासाठी ४० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी निर्माण करता येणे ही अट असते. परंतु माणसाची श्रवणमर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असून वयाबरोबर ती खाली येते, तेव्हा ते चिन्ह खरे असले तरी आपल्याला ऐकू येणाऱ्या भागाबद्दल फारसे काही सांगत नाही. माझ्या खोक्यावर तर तो नुसता चिकटवलेला कागद होता. नॉइज कॅन्सलिंगच्या दाव्याखाली बारीक अक्षरांत ‘ईएनसी’ असे लिहिलेले होते. हे तंत्र फोनवर बोलताना आपल्या माइकमध्ये शिरणारा गोंगाट कमी करते, म्हणजे त्याचा लाभ पलीकडच्या माणसाला होतो. आपल्या कानांना शांतता देणारे तंत्र ‘एएनसी’ हे वेगळे आहे. एका अक्षराच्या या फरकावर अनेक विक्रेते धंदा करतात, आणि ही चलाखी मला सर्वांत संतापजनक वाटते, कारण शब्द खरे ठेवून अर्थ खोटा पोहोचवला जातो.

पानावर शेकडो अभिप्राय होते आणि ताऱ्यांची सरासरी उत्तम होती. त्यांतले जुने अभिप्राय मोबाइलच्या कव्हरबद्दलचे होते, हे शेवटपर्यंत खाली गेल्यावरच दिसत होते. चांगले अभिप्राय मिळालेल्या जुन्या वस्तूच्या पानावर चित्र आणि नाव बदलून नवी वस्तू चढवायची, म्हणजे आधीचे तारे आयतेच मिळतात, अशी ही पद्धत आहे.

हेडफोन आले तेव्हा पहिली छाप चांगली पडेल याची पुरेपूर काळजी घेतलेली होती. ते हाताला जड लागत होते, हेडबँड चकाकत होता आणि आवाज मोठा होता. मोठ्या आवाजाचा हा परिणाम नीट समजून घेण्यासारखा आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले होते की, आवाजाची पातळी कमी असताना आपला कान खालचे स्वर फार मंद ऐकतो आणि पातळी वाढवली की ते भरून आल्यासारखे वाटतात. त्यामुळे दोन हेडफोनची तुलना करताना ज्याचा आवाज जरा मोठा, तोच अधिक भरदार वाटतो, मग त्याची प्रत काहीही असो. त्यात बेस मुद्दाम फुगवलेला असेल, तर पहिली दहा मिनिटे ऐकणारा खूशच होतो.

माझ्या कामात मात्र मानवी आवाज होता, आणि त्याच्यापुढे हे सोंग टिकले नाही. पुरुषवाचकाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमत होता, तर ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे कानाला टोचत होती. फुगवलेला बेस आवाजाच्या खालच्या भागावर पसरतो आणि शब्दांची स्पष्टता झाकून टाकतो. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा असेल, तर ऊष्मे कर्कश होतात. त्याहून विचित्र गोष्ट अशी की, एकाच माइकवर मुद्रित केलेला आवाज डोक्याच्या मध्यभागी ऐकू येण्याऐवजी दोन्ही बाजूंना विरघळल्यासारखा पसरत होता. नव्या अभिप्रायांत याच गुणाची ‘प्रशस्त ध्वनिमंच’ (आवाज भोवती पसरल्याचा भास) म्हणून स्तुती केलेली होती.

विक्रेत्याला लिहिले. उत्तर तत्काळ आणि अत्यंत नम्र भाषेत आले : ड्रायव्हर नवीन आहेत, ते शंभर तास वाजवा, मग आवाज मोकळा होईल, तरीही समाधान झाले नाही तर आम्ही आहोतच. पुन्हा लिहिले तेव्हाही तेच उत्तर आले, सोबत थोडा धीर धरण्याची विनंती होती. या सल्ल्यामागचा हिशेब उघड आहे. रोज चार तास धरले तरी शंभर तासांना २५ दिवस लागतात, आणि माल परत करण्याची मुदत त्याआधीच संपत होती. वापराने ड्रायव्हरच्या पडद्यात होणारा बदल अगदी किरकोळ असतो. गाद्या दबून कानावर नीट बसू लागतात हे खरे, पण बहुतांशी जे बदलते ते आपले कान, म्हणजे खरे तर मेंदू. त्याला वाईट आवाजाचीही सवय होते. घुमणारा हेडफोन शंभर तासांनी घुमायचा थांबत नाही. विक्रेता असा सल्ला देतो तेव्हा तो केवळ वेळ काढत असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुदत संपल्यानंतर काही आठवड्यांत, डोक्यावरून काढताना, हेडबँड बिजागरीजवळ चिरला. चिरेतून आतले पांढरे प्लॅस्टिक दिसले. धातू म्हणून विकलेला भाग म्हणजे चंदेरी मुलामा होता. गाद्यांचे कृत्रिम चामडे घाम लागून सोलायला लागले होते आणि मेमरी फोमच्या जागी साधा स्पंज होता, जो दबून बसला की ड्रायव्हर कानाच्या अधिक जवळ येतो आणि आवाज आणखी बदलतो. हेडफोन दुरुस्तीपलीकडे गेलेच होते, म्हणून दोन्ही कप उघडले. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचे निघाले. त्यात मुळात वाईट काही नाही, कारण ४० मिलिमीटरचे उत्तम ड्रायव्हर असतात आणि नुसत्या व्यासावरून प्रत ठरत नाही. पण ५० सांगून ४० देणे हा खोटेपणाच आहे. प्रत्येक कपात गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी होती, जिचे वजन वाढवण्यापलीकडे काही काम नव्हते. आणि एका बाजूच्या दोन तारा उलट डाखलेल्या होत्या. त्यामुळे एक पडदा पुढे सरके तेव्हा दुसरा मागे जाई, आणि ज्याला प्रशस्त ध्वनिमंच म्हटले जात होते तो प्रत्यक्षात हा दोष होता. तारा बदलून डाखल्यावर वाचकाचा आवाज लगेच मध्यभागी आला. घुमणे अर्थातच तसेच राहिले.

छायाचित्रांसह तक्रार केली तेव्हा विक्रीमंचाने मुदत संपल्याचे कळवले. तोवर विक्रेत्याच्या पानावर तेच अभिप्राय ठेवून वेगळीच वस्तू विकली जात होती.

आता मी कोणतेही हेडफोन घेतले की परताव्याची मुदत चालू असतानाच काही गोष्टी तपासते, आणि स्वस्त हेडफोन घेणाऱ्या प्रत्येकाने त्या तपासाव्यात अशी कळकळीची विनंती आहे. आधी संगीत लावू नये. ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचे मोनो मुद्रण (ज्यात दोन्ही कानांना एकच आवाज जातो) मध्यम आवाजात ऐकावे. बोलणे डोक्याच्या मधोमध उभे राहिले पाहिजे. ते एका बाजूला झुकत असेल तर ड्रायव्हर जुळलेले नाहीत, आणि ते कुठेच नीट सापडत नसेल तर तारांची उलटापालट असू शकते. दुसरी खूण अशी की, खालचा स्वर सतत वाजत ठेवून दोन्ही कप समोरासमोर चिकटवावेत. जोडणी बरोबर असेल तर स्वर भरदार राहतो, उलट असेल तर तो एकदम पडतो. नंतर २० हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारा स्वर हलक्या आवाजात ऐकावा, म्हणजे कुठे प्लॅस्टिक थरथरते आणि कुठे आवाज अचानक उसळतो ते कळते. जुन्या हेडफोनशी तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज आधी एकसारखा करून घ्यावा. हे न करता केलेली तुलना निरुपयोगी आहे.

बांधणीसाठी वजनावर विसंबू नये. हेडबँड हळूच ताणून आणि पिळून करकर येते का ते ऐकावे, बिजागरी आणि लांबी कमी-जास्त करण्याच्या खाचांपाशी चंदेरी रंगाखाली काय आहे ते पाहावे, गाद्या सुट्या निघतात का आणि तशा गाद्या स्वतंत्र मिळतात का याची खात्री करावी. चष्मा वापरत असाल तर तो लावूनच सलग दोन तास घालून बसावे, कारण चष्म्याच्या काडीमुळे गादीला फट पडली की बेस निसटतो आणि पकड घट्ट असेल तर कानामागे दुखू लागते. विक्रीचे संपूर्ण पान, बारीक अक्षरांसह, खरेदीच्या दिवशीच स्क्रीनशॉट काढून ठेवावे, खोके उघडतानाचे चित्रण करावे, आणि विक्रेत्याशी गोड संवाद चालू असला तरी परताव्याची नोंद विक्रीमंचावर मुदतीच्या आतच करून टाकावी.