हिरव्या कळंकाला भुललो

हाँगकाँगला नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. हॉलिवूड रोडवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, त्यातल्या एकात १८,००० हाँगकाँग डॉलर मोजून मी एक धूपदाणी घेतली. तीन पाय, दोन कान, बुडाशी सहा चिनी अक्षरं. अर्थ असा की ही मिंग घराण्याच्या श्वांद राजवटीत, म्हणजे १४२६ ते १४३५ मध्ये घडवलेली. अंगभर जाड हिरवा कळंक. भुललो तो त्यालाच.

तेव्हा आई पुण्याहून आली होती. तिने धूपदाणी उलटीपालटी करून पाहिली.

"पितळच ना रे हे? मग एवढं कळकू कुणी दिलं? रोज देवापुढे धूप घालणारी माणसं भांडं असं ठेवतात होय?"

मी हसलो. वर तिलाच मिंग घराण्यावर व्याख्यान दिलं.

आईचंच बरोबर होतं. तसला हिरवा थर शांग-झोऊ या प्राचीन चिनी राजघराण्यांच्या काळातल्या, थडग्यांतून निघालेल्या काशाच्या भांड्यांवर असतो, कारण ती शतकानुशतकं मातीत पडलेली असतात. श्वांद पद्धतीची धूपदाणी बहुधा पितळेची आणि रोजच्या हाताळणीतली. तिची ऊबदार तपकिरी झाक चिनी रसिक चेस्टनटच्या सालीची, जुन्या पोथीच्या कागदाची उपमा देऊन वाखाणतात. माझ्या धूपदाणीला भलत्याच वस्तूचं म्हातारपण फासलं होतं. त्या सहा अक्षरांचं तर विचारूच नका, ती पुढच्या प्रत्येक शतकात कुणीही उठून ओतत आलंय.

रात्री बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवला आणि पायाच्या आतल्या बाजूला फिरवला. कापूस हिरवागार. खाली पिवळंधमक पितळ, त्यावर ग्राइंडरचे ताजे ओरखडे. हे दुकानातच करायला हवं होतं. दुकानदार 'नको' म्हणाला असता, तर तेवढ्यावरच उठून यायचं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सहकाऱ्याला पावती दाखवली. किमतीच्या वर दोनच अक्षरं होती, 'फाँगगू'. म्हणजे जुन्याची नक्कल! तोंडाने 'मिंग, मिंग' करणारा माणूस कागदावर खरं लिहून मोकळा झाला होता, आणि वाचता न येणारी ती पावती मी घडी घालून जपून ठेवली होती.

तरीही दुकानात गेलो. त्याने चहा पुढे केला, पावतीवर शांतपणे बोट ठेवलं आणि फडताळातून दुसरी धूपदाणी काढली. तपकिरी, गुळगुळीत.

"हिरवी नको असेल तर ही बघा."