जुन्या कॅम्पर व्हॅनसाठी कार्ब्युरेटर: सोलेक्स की वेबर?

१६०० सीसीच्या एअरकूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) फोक्सवॅगन कॅम्परपुढे कार्ब्युरेटरचे, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचे, साधारणतः दोन पर्याय असतात: मूळचा एका बॅरलचा (हवेच्या एका नळीचा) सोलेक्स ३४ पिक्ट-३ किंवा दोन बॅरलचा वेबर ३२/३६. वेबरचे ३२ मिमीचे बॅरल नेहमीच्या वेगाला पुरते आणि ३६ मिमीचे दुसरे बॅरल ॲक्सिलरेटर बराच दाबल्यावरच उघडते, त्यामुळे सामानाने भरलेली गाडी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना वाढीव जोर स्पष्ट जाणवतो. मात्र त्यासाठी मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून इंजिनापर्यंतचे नळकांडे) आणि लिंकेज (ॲक्सिलरेटरची जोडणी) बदलावे लागते.

तरीही, थ्रॉटल शाफ्ट (हवेची झडप फिरवणारी दांडी) झिजलेला नसेल तर मी सोलेक्सच ठेवावा असे म्हणेन. शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि कोणतेही ट्यूनिंग टिकत नाही.

सोलेक्स ट्यून करताना व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) व टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधी नीट करून, इंजिन पूर्ण तापल्यावर, मिक्श्चर स्क्रू (मिश्रणाचे प्रमाण ठरवणारा) हलकेच टेकेपर्यंत आत नेऊन अडीच फेरे बाहेर काढावा, मग आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सर्वाधिक होईल तिथे आणून, वेग वीस-तीस आरपीएमने उतरेपर्यंत किंचित आत घ्यावा. त्यानंतर आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) सुमारे ८५० आरपीएमवर आणायचे ते बायपास स्क्रूनेच (थ्रॉटलला वळसा घालून जाणारी हवा कमी-जास्त करणारा); थ्रॉटलच्या स्क्रूला हात लावू नये, मेकॅनिक नेमका तोच फिरवतात.

दोन्ही कार्ब्युरेटरांत एक काळजी सारखीच आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) होते आणि मराठवाड्याच्या मे महिन्यातील उन्हात एअरकूल्ड इंजिनाला ते झेपत नाही. स्पार्क प्लग पांढराफटक दिसू लागल्यास मेन जेट (इंधन सोडणारे मुख्य छिद्र) एक पायरी मोठा घालावा.