साहेबांनी नाव खराब केलं: दिवाणी, फौजदारी की मॅट?

मित्राला सरकारी ऑफिसातून कमी केलं ते केलं, वर साहेबांनी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डरचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'पैसे खाणाऱ्यांना इथे थारा नाही'. चौकशी झाली नव्हती, ऑर्डरमध्येही पैशांचा एक शब्द नाही. आता जो भेटतो तो त्याला सांगतो की साहेबावर केस होतच नाही, सरकारची परवानगी लागते. हे अर्धंच खरंय आणि या अर्ध्यापायी लोकांची मुदत निघून जाते.

परवानगी लागते ती फौजदारीत, बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 218, जुन्या सीआरपीसीचं 197. तीही फक्त ज्याला सरकारच्या मंजुरीशिवाय नोकरीवरून काढता येत नाही अशा अधिकाऱ्यासाठी, आणि केलेल्या गोष्टीचा त्याच्या कामाशी संबंध असेल तरच. ऑर्डर काढणं हे काम झालं, ग्रुपवर टोमणा मारणं कुठल्या कामात बसतं ते साहेबांनी कोर्टाला सांगावं. नव्या कायद्यात एक बरं केलंय, सरकारने 120 दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असंच धरतात.

फौजदारीत पोलीस परस्पर गुन्हा घेत नाहीत, मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करावी लागते. बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेली न्याय संहिता) कलम 356, बदनामीचं, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. मुदत तीन वर्षं, खर्च कमी, साहेबांना तारखेला उभं राहावं लागतं म्हणून लोकांना हाच रस्ता आवडतो. पण अपवाद बरेच आहेत, त्यातला सातवा साहेब लोकांचा लाडका: हाताखालच्या माणसाला त्याच्या कामाबद्दल सद्भावनेने बोल लावले तर बदनामी नाही. कमी केलेल्या माणसाला शंभर जणांसमोर पैसे खाणारा म्हणणं यात बसत नाही असं मला वाटतं, तरी वकील हेच आधी पुढे करणार.

दिवाणीत परवानगीचा प्रश्नच नाही. नुकसानभरपाई मागता येते, पुन्हा असं लिहू नये म्हणून मनाईही. पण मुदत फक्त एक वर्ष, आणि जितकी रक्कम मागाल तशी कोर्ट फी वाढते, त्यामुळे रागाच्या भरात पन्नास लाख लिहू नका. शिवाय सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम 80 ची, दाव्याआधी द्यायची दोन महिन्यांची नोटीस. टोमणा सरकारी काम नाही असं आपलं म्हणणं असलं तरी नोटीस देऊन टाकावी, हरकतच मिटते, कायद्याने लागणाऱ्या नोटिशीचे ते दोन महिने मुदतीतून वगळतात, तरी त्या भरवशावर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आणि हो, आरोप खरा निघाला तर दिवाणी दावा तिथेच संपला, हे मित्राला मी तोंडावर विचारून घेतलंय.

कलंक ऑर्डरच्या मजकुरातच असेल तर गोष्ट वेगळी, मग मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जा, तिथेही वर्षाच्या आत. ऑर्डर रद्द होऊ शकते, बदनामीचे पैसे मिळत नाहीत. आणि मॅट राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी, झेडपीवाल्यांसाठी नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या भावाने यावर भलताच किस्सा सांगितला. तिथे 1959 मध्ये बार विरुद्ध मॅटिओ खटल्यात एका केंद्रीय ऑफिसच्या हंगामी प्रमुखाने दोन कर्मचाऱ्यांना निलंबित करणार म्हणून प्रेस नोट काढली, त्यांनी बदनामीचा दावा लावला आणि सुप्रीम कोर्टाने 5-4 ने प्रमुखाला सोडलं, मनात आकस असला तरी. इथे साहेबांना इतकं सरसकट कवच नाही, दिवाणीत आकस दाखवता आला तर त्यांचा बचाव ढासळतो.

माझं मत, मित्राच्या केसमध्ये आधी दिवाणीची नोटीस, फौजदारीला वेळ आहे. खरी अडचण पुराव्याची आहे. नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्यामुळे मेसेज ज्या फोनमध्ये आहे तो विकू नका, फॉरमॅटही करू नका. आणि ग्रुपमध्ये शंभर जणांनी वाचलं असलं तरी नोकरीत असलेला एकही कोर्टात येऊन ते सांगणार नाही. त्यातले एक शिपाईकाका मार्चमध्ये रिटायर झालेत, वकिलाच्या आधी त्यांना फोन कर म्हटलंय.