पोट्ट्यांसाठी ‘अप’ लावू का ‘मोआना’? दोन्ही ओसरीत लावून पाहिले, सांगतो

आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटापर्यंत बंद, दुपारी ४५ डिग्रीत लेकरांना बाहेर सोडता येत नाही, अन् संध्याकाळ झाली की बहिणीचे, साळ्याचे, शेजारचे मिळून पंधरा-सोळा पोट्टे ओसरीत गोळा होतात. मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाचा प्रोजेक्टर आणला, पांढरी चादर भिंतीला ठोकली अन् एक दिवस ‘अप’ लावला, दुसऱ्या दिवशी ‘मोआना’, दोन्ही कार्टूनचे सिनेमे. तेव्हापासून गावात जो भेटतो तो विचारतो, भाऊ कोणता लावू. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

‘अप’ २००९ चा, पिक्सारचा, पीट डॉक्टरनं केलेला. ७८ वर्षांचा कार्ल नावाचा बुढा, बायको एली गेलेली, आजूबाजूला टॉवर उभे होऊन राहिले अन् बिल्डरला त्याचं घर पाहिजे. बुढा देत नाही. हा भाग सुरू असताना मागे खाटेवर बसलेले मोठे माणसं एकदम चूप झाले, त्यातल्या दोघांची जमीन समृद्धी महामार्गात गेलेली आहे, त्यांना काही समजवून सांगावं लागलं नाही. मग बुढा घराला हजारो फुगे बांधतो अन् घरासकट उडतो, दक्षिण अमेरिकेतल्या धबधब्याकडे. तो धबधबा व्हेनेझुएलातल्या एंजल फॉल्सवरून घेतलाय, खरा ९७९ मीटर उंच आहे. म्हणजे परतवाड्याकडून आपल्या चिखलदऱ्याचा घाट चढताना खाली पाहून डोकं गरगरतं ना, त्याच्याही वरचं काम.

पण सिनेमाचा खरा जीव सुरुवातीच्या त्या चार-पाच मिनिटांत आहे. कार्ल अन् एलीचं लग्न, घर, मूल होत नाही ते दुःख, म्हातारपण, सगळं एकही शब्द न बोलता, फक्त संगीतावर. त्या संगीताला ऑस्कर मिळालं. भाषेची अडचणच येत नाही, आमची आजी इंग्रजी सोडा हिंदीही धड बोलत नाही, तिनं पदरानं डोळे पुसले. अन् पुढे बसलेलं सहा वर्षांचं पोट्टं जोरात विचारतं, “तो बुढा काऊन रडून राह्यला?” आता काय सांगता. इथंच ‘अप’ची गोम आहे, सर्वात भारी जागा मोठ्यांसाठी आहे अन् ती सुरुवातीलाच संपून जाते.

नंतर रसेल नावाचा जाडा पोरगा, रंगीत पक्षी, पट्ट्यातून बोलणारा डग कुत्रा, इथं पोट्टे खूश. डग मलाही आवडला. पण व्हिलन, म्हणजे मन्त्झ नावाचा जुना साहसी प्रवासी, मला काही पटला नाही. कार्ल लहान होता तेव्हा हा माणूस आधीच फेमस होता, म्हणजे आता याचं वय किती, अन् हा तलवार घेऊन मारामारी करतो! कुत्रे विमान चालवतात तिथं तर लेकरं हसले पण मी घड्याळ पाहिलं.

‘मोआना’ २०१६ चा, डिस्नेचा, रॉन क्लेमेंट्स अन् जॉन मस्कर यांचा, ‘अलादीन’वाली जोडी. बेटावरच्या प्रमुखाची पोरगी, समुद्रात जायला बंदी, अन् बेटावर नारळ फोडले की आतून काळे निघतात, जाळ्यात मासे येत नाहीत. आमचा काका लगेच म्हणे, “हे तं आपल्या बोंडअळीवानी झालं.” बरोबरच आहे, २०१७ ला आपल्याकडेही बोंड वरून हिरवंगार अन् फोडलं की आत गुलाबी अळी. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नाही, अप्पर वर्धा धरणालाच समुद्र समजतात, त्या लेकरांनाही ही गोष्ट घरची वाटली ती यामुळेच.

अन् पोरीच्या लग्नाचं नावही नाही, राजकुमार नाही, तिला वाट दाखवणारी तिची आजी. माउई या अर्ध्या देवाच्या अंगावरचं गोंदण हलतं, बोलतं, ते हातानं काढलेलं अ‍ॅनिमेशन आहे. आमच्या आजीनं स्वतःच्या मनगटावरचं गोंदण पाहिलं अन् म्हणे, माझं तं कधी हललं नाही बा.

खोड्या आहेत याच्यातही. मधला भाग व्हिडिओ गेमसारखा, एक संकट, मग दुसरं, नारळवाले चाचे झाले की चमकणारा खेकडा. पोरगी अडली की समुद्र स्वतःच येऊन मदत करतो, मग धाक राहत नाही. माउईचे काही जोक आपल्याकडे पोहोचतच नाहीत. डुकराचं ते गोंडस पिल्लू पाहून लेकरं खूश झाले, पण ते बेटावरच राहतं, प्रवासात येतो तो येडा कोंबडा. अन् गाणी मूळ इंग्रजीत झकास आहेत, डबिंगमध्ये शब्द कोंबल्यासारखे वाटतात.

तर आता कोणता? ओसरीत बारक्यांची गर्दी असेल, मागे बाया बोलत बसणार असतील, तर ‘मोआना’, डोळे झाकून. मधे कुणी पाणी प्यायला उठलं तरी धागा तुटत नाही. घरातलं कुणी म्हातारं माणूस नुकतंच गेलं असेल तर ‘अप’ सध्या राहू द्या. पण तुम्ही दोघंच, किंवा दहा-बारा वर्षांचं समजदार लेकरू अन् आजा-आजी असाल तर ‘अप’च लावा, दुसरा अर्धा भाग फिका आहे तरीही. मला विचाराल तर अख्ख्या ‘मोआना’त त्या पहिल्या चार-पाच मिनिटांच्या तोडीचं काही नाही.

एक कामाची गोष्ट राहिली. ‘अप’ ९६ मिनिटांचा, ‘मोआना’ १०७ मिनिटांचा. लाईट गेली की आमचा इन्व्हर्टर दीड तास कसाबसा ओढतो. ‘मोआना’च्या दिवशी तो नेमका लाव्हावाली राक्षसीण ते-का अंगावर आल्यावर बसला, पुढचं काही दिसलंच नाही, अन् त्या रात्री तीन पोट्टे आईला चिकटून झोपले.