डेट्रॉइट, क्लीव्हलँड की बफेलो?

न्यूयॉर्क-शिकागो करून झालंय, तीन दिवसांची सुट्टी समोर आहे आणि कुणीतरी 'डेट्रॉइटला जाऊ या' म्हणतं. घरातून लगेच प्रश्न येतो: तिथे आहे काय बघायला?

प्रश्न रास्तच. १९५० साली साडेअठरा लाख वस्ती असलेलं हे शहर २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्याही खाली आलं. क्लीव्हलँड नऊ लाखांवरून पावणेचार लाखांवर घसरलं, बफेलो पाच लाख ऐंशी हजारांवरून पावणेतीन लाखांवर. कारखाने बंद पडले, ज्यांना परवडलं ते उपनगरांत गेले. पण बरकतीच्या दिवसांत बांधलेली संग्रहालयं, स्टेशनं आणि इमारती कुणाला सोबत नेता आल्या नाहीत. जायचं ते त्यासाठी. पडक्या घरांचे फोटो काढत गल्ल्यांतून हिंडू नये. शेजारच्या घरात कुणीतरी राहत असतं.

एकच शहर जमणार असेल तर माझं मत डेट्रॉइटला. तिथल्या कलासंग्रहालयात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरानं १९३२-३३ मध्ये चारही भिंतींवर रंगवलेली २७ चित्रं आहेत. विषय फोर्डचा मोटार कारखाना. इंजिनावर वाकलेले कामगार, लोळणाऱ्या ज्वाळा, आणि मागे हॅट घालून कामगारांकडे टकमक बघणारे पाहुणे! वरच्या एका चौकटीत बाळाला लस टोचली जातेय. डॉक्टर, नर्स, पुढे घोडा, गाय आणि मेंढ्या. येशूजन्माच्या देखाव्याशी साम्य दिसलं म्हणून तेव्हा गदारोळ झाला होता. २०१३ मध्ये शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ज्यांचे पैसे थकले होते त्यांचा डोळा या संग्रहावर होता. देणगीदार संस्था आणि राज्य सरकारनं पैसा उभा केला म्हणून तो वाचला.

दुसरं आकर्षण मिशिगन सेंट्रल स्टेशन. १९८८ मध्ये शेवटची गाडी सुटली आणि पुढची तीस वर्षं ही इमारत शहराच्या पडझडीचा चेहरा बनून उभी होती. २०१८ मध्ये फोर्डनं ती विकत घेतली, २०२४ मध्ये दुरुस्त होऊन उघडली. शाकाहाऱ्यांची सोयही इथेच उत्तम: डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नच्या अरबी हॉटेलांत फलाफल, हमस, गरम रोटी. अडचण गाडीची. वुडवर्ड रस्त्यावरची ट्राम संग्रहालयापर्यंत नेते, बाकी सगळं लांब लांब.

गाडी चालवायचीच नसेल तर क्लीव्हलँड. विमानतळावरून रेल्वे थेट शहराच्या मध्यात आणते, तिथून युक्लिड रस्त्यावरची बस कलासंग्रहालयाकडे. कायमचा संग्रह सगळ्यांना फुकट, आणि त्यात चोळकालीन नटराजही आहे. १९१२ चा वेस्ट साइड मार्केट भूक घेऊनच गाठावा. कायाहोगा नदीला १९६९ मध्ये आग लागली, त्यावरून या गावाची अजून थट्टा होते. गंमत म्हणजे तेव्हा गाजलेला फोटो १९५२ च्या आगीचा होता. शहर छान आहे, पण डेट्रॉइटइतकं मनात घर करत नाही.

आईबाबा भारतातून आलेत आणि नायगारा ठरलेलाच आहे? मग प्रश्नच मिटला. बफेलो तिथून अर्ध्या तासावर, तरी बहुतेक मंडळी धबधबा बघून परस्पर निघून जातात. नदीकाठी धान्याची अजस्र काँक्रीट कोठारं ओळीनं उभी आहेत. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएनं अशाच अमेरिकी कोठारांचे फोटो नव्या वास्तुकलेचा नमुना म्हणून छापले होते. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला, जहाजं बफेलोला वळसा घालून जाऊ लागली आणि बहुतेक कोठारं ओस पडली. उन्हाळ्यात बोटीतून ती जवळून दिसतात. वास्तुकार फ्रँक लॉईड राइटनं बांधलेलं मार्टिन हाऊस आणि वास्तुकार लुई सलिव्हनची १८९६ ची गॅरंटी बिल्डिंगही चुकवू नये. थंडीत मात्र बफेलोच्या वाटेला जाऊ नका. शेजारच्या ईरी तळ्यावरून येणारं बर्फ रस्ते बंद करतं.

तिन्ही शहरं ईरी तळ्याच्याच बाजूची. डेट्रॉइट ते क्लीव्हलँड आणि क्लीव्हलँड ते बफेलो, दोन्ही टप्पे साधारण तीन-तीन तासांचे. सलग करायची तर डेट्रॉइटपासून सुरू करून नायगारावर संपवा. बॅगा गाडीच्या सीटवर ठेवू नका, रात्री अनोळखी भागात पायी फिरू नका आणि संग्रहालयांसाठी सोमवार धरू नका: डेट्रॉइटचं आणि क्लीव्हलँडचं, दोन्ही त्या दिवशी बंद असतात.