निस्टची पोस्टडॉक योजना: मापनाची ओढ असलेल्यांसाठी

अमेरिकेतच जन्मलेल्या माझ्या भाचीने थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिशय पातळ थरांवर, पीएच.डी. पूर्ण केली आणि पुढे काय करावे, असे मला विचारले, तेव्हा मी तिला सर्वप्रथम निस्टची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या अमेरिकेच्या सरकारी मापन-संस्थेची, पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची) योजना सुचवली. नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या नावाने चालत आलेल्या या योजनेत निवड झालेला संशोधक मेरीलँडमधील गेथर्सबर्ग किंवा कोलोरॅडोमधील बोल्डर येथे दोन वर्षे काम करतो.

या योजनेचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे वैशिष्ट्य म्हणजे संशोधन-प्रस्ताव उमेदवाराने स्वतः लिहायचा असतो. एरवी पोस्टडॉक म्हणजे प्राध्यापकाच्या मंजूर झालेल्या प्रकल्पाला हातभार लावणे. इथे मात्र जाहीर झालेल्या विषयांतून सल्लागार निवडून, त्याच्याशी आधी चर्चा करून, आपला प्रश्न आपणच मांडावा लागतो. ही चर्चा टाळून घाईने अर्ज करणाऱ्याचा प्रस्ताव कितीही हुशारीने लिहिलेला असला तरी तो प्रयोगशाळेतील उपकरणांशी आणि चालू कामाशी जुळेलच असे नाही. म्हणून परंपरेने फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येणाऱ्या मुदतींच्या किमान दोन-तीन महिने आधी पत्रव्यवहार सुरू करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मापनशास्त्राकडे अनेक विद्यार्थी रूक्ष विषय म्हणून पाहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, उभी आहे, आणि तो स्थिरांक अचूक ठरवण्यात गेथर्सबर्गच्या किबल तराजूचा, म्हणजे वजन विद्युत बलाशी तोलणाऱ्या उपकरणाचा, मोठा वाटा होता. मटेरियल सायन्सचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे: ही संस्था नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या नावाने ओळखली जात होती, तेव्हा १९८२ मध्ये तिथे पाहुणे संशोधक असलेल्या डॅन शेख्टमन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियम आणि मँगनीजच्या मिश्रधातूत दहा-घडी सममिती (पूर्ण फेरीच्या दहाव्या भागाने फिरवले तरी तशीच दिसणारी रचना) दिसली. स्फटिकशास्त्राच्या तेव्हाच्या नियमांत ती बसत नव्हती, तरी त्यांनी आपल्या निरीक्षणावरचा विश्वास सोडला नाही. २०११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

योजनेची मोठी मर्यादा म्हणजे अमेरिकी नागरिकत्वाची अट. भारतीय पासपोर्टवर तिथे पीएच.डी. करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलामुलींना हे दार बंद आहे, आणि ही गोष्ट अर्जाच्या तयारीत महिने घालवण्यापूर्वीच कळलेली बरी. त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा विचार जरूर करावा. भारताचा किलोग्रॅम, म्हणजे जुन्या व्याख्येतल्या त्या धातूच्या ठोकळ्याची प्रत क्रमांक ५७, तिथेच जपलेला आहे आणि देशाच्या वेळेचे, वजनाचे, लांबीचे मापदंड तिथेच सांभाळले जातात.

दुसरी मर्यादा कालावधीची. दोन वर्षांत नवे मापन उभारून त्यातील अनिश्चिततेचा चोख हिशेब देणे सोपे नाही. म्हणून भाचीला मी प्रस्तावातला एक संपूर्ण भाग काढून टाकायला लावला आणि उरलेल्या एकाच प्रश्नावर ती सध्या बोल्डरच्या सल्लागाराशी बोलत आहे.